नळी, साखळी आणि पिंजरा

कुत्र्याचे शेपूट कितीही वर्षे नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण मराठी माणूस लहानपणी शिकतो आणि पुढे जन्मभर दुसऱ्या माणसांविषयी वापरतो. तिच्यात कुत्र्याविषयी काय म्हटले आहे ह्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कुत्र्याच्या ठायी काही उपजत वाकडेपण आहे, ते सरळ करण्याचा उपाय म्हणजे त्याला कशात तरी कोंबून ठेवणे, आणि हा उपाय व्यर्थ आहे, अशी तीन विधाने त्या एका ओळीत आहेत. हसे होते ते शेपटाचे. नळी हातात घेऊन वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला मात्र म्हण काहीच विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्या माणसाकडे पाहणार आहोत.

त्याला निमित्त आहे एका शब्दाचे. नाशिक जिल्ह्यात 'क्रेट' हा शब्द नवा नाही. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा लिलाव वीस किलोंच्या क्रेटवर होतो, आणि द्राक्षाच्या हंगामात मळ्यामळ्यांतून भरलेले क्रेट बाहेर पडत असतात. अलीकडे गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा ह्या बाजूंच्या सदनिकांत ह्या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला आहे: तारेचा, घडी घालता येणारा, बाहेरून कडी असलेला पिंजरा, ज्यात विकत आणलेले लॅब्रॅडॉर किंवा बीगल जातीचे पिल्लू ठेवायचे. घरातील दोघेही सकाळी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नाहीतर कचेऱ्यांत जातात, आणि पिल्लू कडीच्या आत राहते. ह्याला 'क्रेट ट्रेनिंग' म्हणतात. कुत्र्याला गुहेची उपजत ओढ असते, आत त्याला सुरक्षित वाटते, शिवाय शिस्तही लागते, असे त्याचे समर्थन केले जाते.

ह्या समर्थनात तथ्य किती, हे पाहण्यासाठी केवळ आजचा पिंजरा पाहून भागत नाही. आपल्याकडे कुत्रा कोंडला जाऊ लागला कधी, कोणी कोंडला, आणि प्रत्येक वेळी कोणते कारण सांगितले, हे पाहावे लागते. आमच्या मते ह्या इतिहासात एक सूत्र सतत दिसते. अडचण प्रत्येक वेळी माणसाची होती, आणि उपायाला नाव मात्र कुत्र्याच्या हिताचे मिळाले.

उंबऱ्यावरचा जीव

अमरकोशात कुत्र्याला जे पर्याय दिले आहेत, त्यांत पहिला शब्द 'कौलेयक' असा आहे. कुळातला, घराण्यातला तो कौलेयक. हा शब्द कसा सिद्ध होतो ह्यासाठी पाणिनीने सूत्रात सोय केली आहे, म्हणजे शब्द पुष्कळच जुना. त्याच्या मागोमाग येतो 'सारमेय', म्हणजे देवांची कुत्री सरमा हिचा वंशज. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना कुत्र्यांच्या शिकारीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याचे नाव 'सारमेयविनोद' असेच आहे. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री आहेत, भैरवाचे वाहन कुत्रा आहे, आणि खंडोबाचे वाघे कोटंब्यातले अन्न कुत्र्याप्रमाणे खाऊन आपण देवाचे कुत्रे आहोत हे दाखवीत. देवळालीच्या टेकडीवरील खंडोबाला जाणाऱ्या नाशिककराला हे वेगळे सांगायला नको.

ह्यावरून आपले पूर्वज श्वानप्रेमी होते असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. त्याच परंपरेत कुत्रा अस्पृश्य होता, त्याच्या स्पर्शाने अन्न विटाळत असे, आणि माणसाला कुत्र्याच्या पंगतीत बसविणे ही शिवी होती. त्याला मिळे ते उष्टे, आणि वेळप्रसंगी धोंडा. पण ह्या उपेक्षेतच त्याचे एक स्थानही ठरून गेले होते. तो घरात नव्हता आणि घराबाहेरही नव्हता. त्याची जागा उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे, ओट्यावर, अंगणात, गावाच्या वेशीपाशी. पंचवटीतील जुन्या वाड्यांची रचना आठवली तर हे स्पष्ट होईल. दिंडीदरवाजा, ओसरी, चौक अशी पायरीपायरीने आत जाणारी ती वास्तू कुत्र्याला कुठवर येऊ द्यायचे हे भिंत न बांधताच ठरवीत असे.

माळावर तर चित्र ह्याहूनही बोलके होते आणि काही ठिकाणी अजून आहे. सिन्नर, येवला ह्या भागांत धनगरांची मेंढरे शेतात बसतात, तेव्हा रात्री मेंढ्यांभोवती जाळीचे वाघूर लावले जाते. मेंढ्या वाघुरात असतात आणि कुत्रा बाहेर. ज्याचे रक्षण करायचे ते आत, आणि जो रक्षण करणार तो मोकळा. कोंडलेला कुत्रा राखण करू शकत नाही, हे कळायला धनगराला शास्त्राची गरज नव्हती.

ह्या काळातील वागणुकीचा खरा दोष कोंडमारा हा नव्हता. तो दुसराच होता, आणि महाभारताच्या आदिपर्वात, जनमेजयाच्या कथेत, तो नोंदलेला आहे. कुरुक्षेत्रावर सत्र चालू असताना सरमेचे पिल्लू तेथे येते आणि जनमेजयाचे भाऊ त्याला बडवतात. पिल्लू रडत आईकडे जाते. तू काही अपराध केला असशील, असे आई म्हणते. त्यावर ते सांगते, की मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही आणि त्याला जीभही लावली नाही. सरमा येऊन जाब विचारते. उत्तर कोणीच देत नाही. तेव्हा ती शाप देते: निरपराध्याला मारलेत, म्हणून तुमच्यावर न दिसणारे, न कळणारे भय येईल. कारण न समजता मिळालेली शिक्षा आणि तिच्यातून उपजणारे अदृष्ट भय, ह्या जोडीकडे पुढे विसाव्या शतकातील प्रयोगशाळांना फार मोठा वळसा घालून यावे लागले.

दयेचा पिंजरा

आपल्या भागात कुत्र्यांना समूहाने बंदिस्त करण्याची पहिली ठळक घटना मुंबईत घडली, आणि तिच्या मुळाशी करुणा होती. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयाने कंपनी सरकारने उन्हाळ्याच्या दिवसांत बेवारशी कुत्री मारण्याचा प्रघात पाडला होता, आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे. १८३२ साली ही मोहीम लांबविण्यात आली. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडण्याचा 'सगदीद' हा त्यांच्या अंत्यविधीचा भाग. त्या वर्षीच्या जून महिन्यात पारशी जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी शहराचा व्यवहार बंद पडला आणि जैन व हिंदू व्यापारीही त्यात सामील झाले.

दंगल मोडली गेली, पण प्रश्न उरला. कुत्री मारायची नाहीत आणि रस्त्यावर राहू द्यायची नाहीत, तर ती जाणार कोठे? दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा अशा धनिकांच्या पुढाकाराने भुलेश्वरनजीक मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. गुजरातेत अशा संस्था पूर्वीपासून होत्या. नाव गुजरातीतून आले आहे: पांजरा म्हणजे पिंजरा आणि पोळ म्हणजे दरवाजा असलेली आळी. करुणेने बांधलेल्या वास्तूच्या नावातच पिंजरा आहे. ह्यात कोणाची खोड काढण्याचा आमचा हेतू नाही. मरण आणि बंदिवास ह्यांतून निवड करायची तर बंदिवास बरा, हा विचार १८३४ मध्ये योग्यच होता. पाश्चरची पिसाळरोगावरील लस यायला अजून पन्नास वर्षे अवकाश होता. पण ह्या तडजोडीचा परिणाम असा झाला, की 'कुत्र्याचा जीव वाचविणे' आणि 'कुत्रा कोंडणे' ह्या दोन गोष्टी आपल्या मनात एकमेकींना चिकटल्या. जीव वाचला, आता आणखी काय हवे, ही वृत्ती तेथून पुढे दिसते. प्राण्याच्या जगण्याचा विचार झाला, त्याच्या दिवसाचा झाला नाही.

नाशिकची पांजरापोळ १८७८ सालची. तिचे काम मुख्यत्वे गाईगुरांचे. चुंचाळे-बेळगाव ढगा परिसरातील तिची शेकडो एकर जमीन आज शहराच्या कडेची मोठी हिरवी जागा आहे, आणि ती उद्योगांना द्यावी की राखावी ह्यावरून २०२२-२३ च्या सुमारास नाशिकमध्ये बराच वाद झाला. तेथे झाडे आहेत, तळी आहेत, गुरे मोकळी चरतात. नावात पिंजरा असलेली संस्था अशी मोकळी झाली, आणि त्याच शहरात नावाने घर असलेल्या वास्तूत पिंजरा आला. ओटा गेला, अंगण गेले, दिंडीदरवाजा गेला. सदनिकेला एकच दार असते आणि ते एकतर उघडे असते नाहीतर बंद. उंबऱ्यावर राहणाऱ्या जिवाला सदनिकेत जागा कोणती, ह्या प्रश्नाला क्रेट हे उत्तर मिळाले आहे.

देवळाली आणि लेनिनग्राड

कोंडलेल्या आणि रिकाम्या ठेवलेल्या जिवाच्या मनाचे काय होते, ह्याविषयी इंग्रजी भाषेत एक शब्द आहे आणि तो नाशिकने दिलेला आहे. १८६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या देवळालीच्या छावणीत, नोकरीची मुदत संपलेले गोरे सोजीर मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत पडून राहत. जहाजे ठरावीक हंगामातच निघत. काम नाही, सुटका केव्हा हे ठाऊक नाही, आणि बाहेर रणरणते ऊन. त्यांतील कित्येकांचे डोके फिरे. 'देवलाली ताप' ह्या शब्दांचे सोजिरांच्या तोंडी 'डूलॅली टॅप' झाले, आणि आजही इंग्रजीत डूलॅली म्हणजे भ्रमिष्ट. ह्या माणसांना कोणी मारीत नव्हते, उपाशी ठेवीत नव्हते. आपल्या दिवसावर आपला काही इलाज चालत नाही, एवढेच त्यांचे दुखणे होते.

कुत्र्यांच्या बाबतीत हीच गोष्ट विसाव्या शतकातील प्रयोगशाळांनी टप्प्याटप्प्याने, आणि बऱ्याचदा निर्दयपणे, सिद्ध केली. पाव्हलॉव्हचे नाव घंटा आणि लाळ ह्यांसाठी सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या प्रयोगशाळेतील एक प्रसंग मात्र कमी सांगितला जातो. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. गोदेचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठवर चढले ह्यावर पूर मोजणाऱ्या नाशिककरांना त्या दिवसाची कल्पना सहज करता येईल. पाव्हलॉव्हची कुत्री पिंजऱ्यांत होती आणि पिंजऱ्यांची दारे खाली होती. पाणी वर चढत गेले तशी कुत्री छताशी नाक लावून पोहत राहिली. माणसे पोहोचली तेव्हा दारातून काढण्यासाठी एकेका कुत्र्याला आधी पाण्याखाली ओढावे लागले. कुत्री वाचली. पण त्यांतील काहींचे मोठ्या कष्टाने घडविलेले शिक्षण पुसले गेले होते; शिकविलेल्या खुणांना ती प्रतिसादच देईनात. ती हळूहळू सावरल्यावर एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून नुसते पाणी झिरपू दिले, तेवढ्यानेच त्याची घडी पुन्हा विस्कटली. भय आणि शिक्षण ह्यांचे नाते ह्याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

पुढचा टप्पा माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठातला. १९५० च्या दशकात रोनाल्ड मेल्झॅक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्कॉटिश टेरियर जातीची काही पिल्ले मोठी होईपर्यंत बंद पिंजऱ्यांत वाढविली, आणि त्यांचीच भावंडे घरांत वाढविली. पिंजऱ्यातली पिल्ले खाऊनपिऊन धडधाकट होती. पण बाहेर आल्यावर ती दिशाहीन धावत राहत, साध्या कोड्यांत अडकत, इतर कुत्र्यांशी कसे वागावे हे त्यांना उमगत नसे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत एक गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. घरात वाढलेले कुत्रे पेटत्या काडीचा चटका बसला की पुन्हा तिच्याकडे फिरकत नसे. पिंजऱ्यात वाढलेली कुत्री पुन्हापुन्हा नाक ज्योतीत खुपसत. वेदना कशाने होते आणि ती टाळता येते, हेदेखील अनुभवाने शिकावे लागते, आणि तो अनुभव पिंजऱ्याने त्यांच्याकडून काढून घेतला होता. वेदनेच्या शास्त्रात मेल्झॅकने पुढे जे नाव मिळविले, त्याची सुरुवात ह्या कुत्र्यांपासून झाली.

तिसरा प्रयोग सर्वांत प्रसिद्ध. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर ह्यांनी झोळीत जखडलेल्या कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. काही कुत्र्यांना डोक्याने फळी दाबून धक्का थांबविता येई. काहींना तेवढेच धक्के बसत, पण त्यांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. नंतर ही सर्व कुत्री अशा पेटीत ठेवली, की मधला अडसर ओलांडला म्हणजे सुटका. ज्यांच्या हाती पूर्वी इलाज होता ती उड्या मारून सुटली. ज्यांच्या हाती तो नव्हता, त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुत्री कण्हत तेथेच पडून राहिली. ह्याला 'शिकलेली असहायता' असे नाव पडले. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूविषयीच्या नव्या ज्ञानाच्या आधारे ह्याच दोघांनी आपला सिद्धान्त उलटा केला. दीर्घ त्रासापुढे निपचित पडणे ही मूळ, न शिकलेली प्रतिक्रिया आहे. शिकायची असते ती दुसरी गोष्ट: माझ्या करण्याने काही बदलते.

हा उलटलेला सिद्धान्त पिंजऱ्याच्या प्रश्नावर नेमका प्रकाश टाकतो. नवे पिल्लू कडीआड पहिली रात्र रडते, दुसरी रात्र रडते, आणि पाचव्या रात्री गप्प होते. घरचे म्हणतात, शिकले. ते कदाचित शिकलेही असेल. अंथरूण ओळखीचे झाले असेल, भूक आणि शू ह्यांची वेळ बसली असेल. पण तीच शांतता दुसऱ्या कारणानेही येऊ शकते: रडून काही होत नाही. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. १९९९ साली हॉलंडमधील बेर्डा आणि सहकाऱ्यांनी मोकळ्या जागेत एकत्र राहणाऱ्या बीगल कुत्र्यांना सहा आठवडे लहान, एकाकी कोठड्यांत ठेवून हा फरक ओळखण्याच्या खुणा नोंदविल्या आहेत: अंग आक्रसून खाली झुकून राहणे, पुढचा पंजा उचलून धरणे, स्वतःला सतत चाटणे, विष्ठा खाणे. पिंजऱ्याच्या तारा चावून झिजलेले दात आणि फाटलेली नखे ही त्यापुढची पायरी. अशा कुत्र्याला गप्प म्हणता येईल, शिकलेला म्हणता येणार नाही.

गुहेला दार नसते

आता गुहेकडे वळू. लांडगीण गुहा करते ती पिलांसाठी. पिले तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बाहेर डोकावू लागतात आणि दोन-अडीच महिन्यांत ती जागा सोडून जातात. प्रौढ लांडगा उघड्यावर झोपतो. आपल्या रस्त्यावरील कुत्र्यांचा ह्या दृष्टीने अभ्यास कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा ह्यांच्या गटाने केला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणानुसार व्यायला आलेल्या कुत्र्या एकांतातील बिळाऐवजी माणसांच्या वस्तीजवळची जागा पसंत करतात. म्हणजे कुत्र्याची उपजत ओढ शोधायचीच असेल, तर ती कोनाड्याइतकीच माणसाच्या सहवासाकडेही दिसते. आणि आपण पिलाला कडी लावून जातो, तेव्हा नेमका तोच काढून घेतो. आडोसा कुत्र्याला आवडतो हे खरे. पलंगाखाली, जिन्याखाली, उभ्या मोटारीखाली तो आपणहून जातो. पण त्या कोणत्याही जागेला कडी नसते.

पिल्लू घरी येते त्या वयाचाही विचार येथे केला पाहिजे. अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर ह्यांनी अनेक वर्षे चालविलेल्या अभ्यासातून (ग्रंथ १९६५ चा) असे दिसले, की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या काळात कुत्रा माणसांशी, इतर प्राण्यांशी, आवाजांशी नाते जोडतो. नंतर ते जोडणे कठीण जाते. बहुतेक घरांत पिल्लू येते ते नेमके ह्या काळात, आणि क्रेटमधले लांबलचक तासही ह्याच काळात सुरू होतात. पुढे तोच कुत्रा पाहुण्यांवर भुंकतो, फटाक्यांनी थरथरतो, एकटा राहिला की दार ओरबाडतो. आणि त्यावर उपाय म्हणून त्याला अधिक वेळ क्रेटमध्ये ठेवले जाते. नळी आणि शेपूट ह्यांची गोष्ट ती हीच.

तथापि क्रेटच्या बाजूने जे बोलता येते तेही बोलले पाहिजे. प्रवासात, शस्त्रक्रियेनंतर, हाड मोडले असता पिंजरा उपयोगी पडतो, आणि त्याची आधीपासून सवय असलेल्या कुत्र्याला अशा वेळी त्रास कमी होतो. निफाड, सिन्नर, दिंडोरी तालुक्यांतील मळ्यांत तर पिंजऱ्याला आणखी एक सबळ कारण आहे, ते म्हणजे बिबट्या. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा भक्ष्याच्या वजनात सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. अशा वस्तीवर रात्री कुत्र्याला जाळीच्या मजबूत खोलीत घेणे म्हणजे त्याला वाघुरात घेणे होय. तेथे गज बिबट्याला बाहेर ठेवण्यासाठी असतात, आणि सकाळी दार उघडते.

घरात शू न करण्याची सवय लावण्यासाठीही क्रेट वापरतात, कारण कुत्रा शक्यतो झोपायची जागा घाण करीत नाही. पण हे तत्त्व पिलाच्या मूत्राशयाच्या ताकदीपुरतेच चालते. वयाच्या महिन्यामागे फार तर एक तास असा ढोबळ आडाखा शिकविणारे सांगतात. दोन-तीन महिन्यांच्या पिलाला आठ-नऊ तास कोंडले, तर त्याला आपल्याच घाणीत बसावे लागते, आणि ज्या सवयीच्या भरवशावर सारी पद्धत उभी आहे तीच मोडते. दार उघडे ठेवून, आत खाऊ टाकून, पिलाला हवे तेव्हा आत आणि हवे तेव्हा बाहेर येऊ दिले, कडी लावलीच तर काही मिनिटांसाठी लावून रडण्याच्या आत काढली, तर तोच पिंजरा त्याचे अंथरूण होऊ शकतो. दोन्हीकडे तारा त्याच असतात. एकात पिल्लू शिकते की माझ्या करण्याने दार उघडते, दुसऱ्यात ते वाट पाहते.

प्रत्यक्ष शिक्षणाचा अनुभवही हेच सांगतो. मार्च १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा पोलिसांचा लॅब्रॅडॉर नावाने 'झंजीर' होता. नाव साखळी, पण त्याचे काम नाकाचे होते, आणि नाकाने शोधायचे काम कोंडून शिकविता येत नाही. ते खेळातून आणि शाबासकीतूनच येते. २०२० साली पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांच्या तुलनेतून दिसले, की दटावणी-शिक्षेच्या वर्गांत शिकणाऱ्या कुत्र्यांच्या लाळेत ताणाचे द्रव्य अधिक वाढते, आणि अनोळखी परिस्थितीत ती वाईटाचीच अपेक्षा धरतात. सरमेने वर्णिलेले अदृष्ट भय ते हेच, असे म्हटल्यास फार अतिशयोक्ती होणार नाही.

कायदा आणि कडी

ह्या सर्वाची दखल आपल्या कायद्याने पुष्कळ आधी घेतली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी १९५० च्या दशकात राज्यसभेत प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक आणले. ते सरकारच्या आश्वासनावर मागे घेतले गेले, आणि त्यातूनच १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम झाला. त्याच्या अकराव्या कलमात तीन पोटकलमे एकापाठोपाठ येतात. हालचालीस पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा. आणि तिसरे पोटकलम खास कुत्र्यासाठी आहे: नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा त्याच्या मालकाचा गुन्हा. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम होती. आज तेवढ्यात क्रेटची कडीही येत नाही. स्वीडन आणि फिनलंड ह्या देशांनी प्रवास वगैरे अपवाद सोडून कुत्र्याला घरात पिंजऱ्यात ठेवण्यासच मनाई केली आहे. आपल्या कायद्याने पिंजऱ्याला बंदी केली नाही. त्याने कोंडणाऱ्यावर एक कर्तव्य घातले: कोंडलेस, तर फिरवून आण.

१८३२ चा प्रश्न २०२५ साली जसाच्या तसा परत आला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल करून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण व लसीकरणानंतर जागच्या जागी सोडावीत असे म्हटले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके ह्यांच्या आवारांतील कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवावीत, तेथे परत सोडू नयेत, असा आदेश झाला. कुत्र्याच्या चाव्याचे आणि पिसाळरोगाचे भय खरे आहे, त्यात मुले मरतात, आणि ते भय हसण्यावारी नेणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण निवारा ह्या शब्दाआड किती फूट जागा, किती तास एकांत आणि किती माणसांचा हात असणार आहे, हा प्रश्न भुलेश्वरला १८३४ मध्ये विचारायचा राहून गेला होता. तो आता तरी विचारायला हवा.

सदनिकेतील पिलाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण त्याचे उत्तर एकेका घराच्या हाती आहे. नऊ तास बंद राहणारे घर पिलासाठी योग्य नाही, हे पिल्लू आणण्यापूर्वी ठरविता येते. आणले असेल तर दुपारी कोणी तरी येऊन दार उघडील अशी सोय करता येते, शेजारी आणि घरातील वडीलधारी माणसे ह्यांची मदत घेता येते, आणि क्रेट ठेवायचाच असेल तर त्याचे दार काढून ठेवता येते. संध्याकाळी कितीही थकून आलो तरी त्याला जिन्याखाली उतरवून तासभर हुंगू देणे, हे १९६० पासून कायद्याने आपल्यावर टाकलेले काम आहे. ते आपण केले, तर त्याचे शेपूट वाकडे आहे की सरळ हे पाहण्याची गरज उरणार नाही. ते हलते आहे एवढे दिसेल.